चार ओळींचा तक्ता: मी मशीन लर्निंग कसं शिकले

पहिले तीन महिने मी नुसती बघत होते. रोज रात्री तासभर व्हिडिओ. एक अभ्यासक्रम अर्धा झाला की कुणीतरी दुसरा सुचवायचं, की तो सुरू. समोरचा माणूस शिकवत असेपर्यंत सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि खिडकी बंद केली की कोऱ्या पानावर एक ओळ लिहिता यायची नाही. ‘ग्रेडियंट डिसेंट म्हणजे धुक्यात चाचपडत डोंगर उतरणं’ हे उदाहरण मी चार वेगवेगळ्या शिक्षकांकडून ऐकलं होतं. पण नेमका कुठला आकडा बदलतो, कितीने बदलतो आणि तेवढ्यानेच का, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मी हिशेब विभागात काम करते. गणित शाळेनंतर सुटलेलं, आणि प्रोग्रॅमिंग म्हणाल तर स्प्रेडशीटमधली सूत्रं. शेवटी मला वाट सापडली ती त्या सूत्रांमधूनच. एका रविवारी सगळे व्हिडिओ बंद केले, कोरी शीट उघडली आणि चार ओळी लिहिल्या. क्ष च्या रकान्यात १, २, ३, ४. य च्या रकान्यात ३, ५, ७, ९. दुप्पट करून एक मिळवला की उत्तर येतं, हे कुणालाही दिसतं. ते मशीनला कसं ‘दिसेल’ एवढंच मला बघायचं होतं.

मॉडेल म्हणजे दोनच आकडे: उतार, ज्याने क्ष ला गुणायचं, आणि छेद, जो वरून मिळवायचा. दोन्ही शून्यावर ठेवले. मग प्रत्येक ओळीचा अंदाज शून्य, आणि चुका −३, −५, −७, −९. त्यांचे वर्ग करून सरासरी काढली तर ४१. यालाच सगळे ‘लॉस’ म्हणत होते. आता उतार किती हलवायचा? प्रत्येक चुकीला तिच्या ओळीतल्या क्ष ने गुणायचं, बेरीज करायची, दुप्पट करून चारने भागायचं. आलं −३५. छेदासाठी क्ष ने न गुणता तेच करायचं. आलं −१२. ही सूत्रं वर्गाच्या डेरिव्हेटिव्हमधून, म्हणजे बदलाच्या दरातून, येतात. ते डेरिव्हेटिव्ह मी त्याच दुपारी शाळेतल्या पद्धतीने कागदावर काढलं. उत्तर बरोबर आहे ना, हे तपासायला उतार ०.००१ ने वाढवला आणि लॉस कितीने घटतो ते पाहिलं: ०.०३५ च्या जवळ. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे सूत्र आता माझं आहे.

दोन्ही आकडे ०.१ ने गुणून वजा केले. उतार ३.५ झाला, छेद १.२. नवा लॉस १८.४१५. सूत्र खाली ओढलं: ८.२७. आणखी ओढलं आणि आकडे उतरत गेले. हेच ते ग्रेडियंट डिसेंट. शंभराव्या ओळीवर उतार २ ला टेकला होता आणि छेद ०.९९ वर होता. मी कुठेही ‘दुप्पट करून एक मिळव’ असं लिहिलं नव्हतं. ती ओळ बघून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

मग ०.१ च्या जागी ०.२ टाकलं. लॉस ४१ वरून २२४, तिथून १२२९, आणि पुढचे आकडे रकान्यात मावेनात. लर्निंग रेट, म्हणजे पाऊल ठरवणारा हाच ०.१ किंवा ०.२, जास्त झाला तर मॉडेल बिघडतं, हे वाक्य मी आधी वहीत लिहून घेतलेलं होतं. पण प्रत्येक पाऊल मधल्या खळग्याला ओलांडून पलीकडे आणखी उंच जाऊन पडतं, उताराचं चिन्ह दर वेळी उलटतं, हे त्या रकान्यातच दिसलं. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हीच शीट करायला सांगते. दोन तासांचं काम आहे आणि पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं. कोट्यवधी आकड्यांची न्यूरल नेटवर्कही, म्हणजे अशाच छोट्या हिशेबांचे थर रचून केलेली मोठी मॉडेलंही, शिकताना हेच करतात: अंदाज, चूक, प्रत्येक आकड्याचा त्या चुकीतला वाटा, आणि थोडीशी दुरुस्ती.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला मी फार वेळ दिला नाही, आणि तो निर्णय बरोबर ठरला. लिस्ट, लूप, फंक्शन, फाइल वाचणं, पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत रकाने गाळणं एवढं महिनाभरात जमलं. पहिला प्रोग्रॅम म्हणजे तीच शीट, वीसेक ओळींत. दुसऱ्या फेरीला पडद्यावर १८.४१५ उमटलं तेव्हा प्रोग्रॅम बरोबर आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. उत्तर आधीच ठाऊक असलेलं उदाहरण हाताशी असण्याचा हा मोठा फायदा. त्यानंतर सायकिट-लर्न ही तयार मॉडेलांची लायब्ररी घेतली. फुलांचा तो प्रसिद्ध आयरिस डेटा, रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेला, १५० फुलं, तीन जाती, चार मापं. तो पहिल्या दिवसासाठी ठीक आहे. पण फार स्वच्छ आहे. एक जात तर पाकळीच्या मापावरूनच बाकीच्यांपासून वेगळी पडते. त्यावर आठवडे घालवू नयेत.

खरं शिक्षण झालं ते माझ्या स्वतःच्या कामातल्या डेटावर. ग्राहकांना पाठवलेली बिलं मुदतीत भरली जातील की उशिरा, हे आधी सांगता येईल का? वरिष्ठांची परवानगी घेतली, ग्राहकांची नावं काढून टाकली आणि जुन्या बिलांची फाइल तयार केली. रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णयवृक्षांचं मत एकत्र घेणारं मॉडेल, लावलं. पहिल्याच फटक्यात ९६ टक्के अचूकता. दोन दिवस मी हवेत होते.

तिसऱ्या दिवशी मॉडेल कुठल्या रकान्यावर किती भिस्त ठेवतंय याचा आलेख काढला. एकच रकाना बाकी सगळ्यांना खाऊन टाकत होता: किती स्मरणपत्रं पाठवली. आणि स्मरणपत्र आम्ही केव्हा पाठवतो? मुदत उलटून गेल्यावर. म्हणजे मॉडेल काही ओळखत नव्हतं, उत्तरपत्रिका वाचत होतं. बिल निघतं त्या दिवशी हा रकाना सगळ्यांचा शून्यच असतो.

याला डेटा लीकेज म्हणतात. शब्द मला माहीत होता, तरीही मी त्यात सापडले, कारण तो रकाना फाइलमध्ये इतर रकान्यांसारखाच शांतपणे बसलेला होता. मग प्रत्येक रकान्यापुढे एक प्रश्न लिहिला: बिल काढलं त्या दिवशी ही माहिती आपल्याकडे होती का? या प्रश्नाने दुसरी गळती सापडली, आणि ती जास्त छुपी होती. ‘या ग्राहकाचा सरासरी उशीर’ हा रकाना मी मोठ्या उत्साहाने स्वतः तयार केला होता, पण ती सरासरी संपूर्ण फाइलवरून काढली होती. तिच्यात त्या बिलाच्या नंतरची बिलं होती, आणि ते बिल स्वतःसुद्धा होतं. ती मी पुन्हा काढली, फक्त त्या तारखेपर्यंत चुकत्या झालेल्या बिलांवरून. शिवाय फाइलचे दोन भाग सरमिसळ न करता तारखेने पाडले: जुनी बिलं शिकण्यासाठी, शेवटच्या काही महिन्यांची परीक्षेसाठी. प्रत्यक्षात वापर असाच होणार होता; कालपर्यंतचं माहीत, उद्याचं सांगायचं.

अचूकता ८१ वर आली. त्याहून कठीण गोष्ट पुढे होती. शंभरातली ऐंशी बिलं तशीही वेळेत भरली जात होती. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक बिलाला ‘वेळेत’ म्हटलं असतं तरी ८० टक्के बरोबर! माझ्या इतक्या रात्रींची कमाई एक टक्का.

त्या आठवड्यात मी हे सगळं सोडणार होते. सोडलं नाही, कारण एक वेगळा प्रश्न सुचला. आमच्या विभागाला प्रत्येक बिलाचा निकाल नकोच आहे. आठवड्याला साधारण वीस ग्राहकांना फोन करण्याइतकीच माणसं आमच्याकडे आहेत. तर मॉडेलने सर्वांत धोक्याची म्हणून काढलेली पहिली वीस बिलं घेतली, तर त्यांतली किती खरोखर उशिरा भरली गेली? मोजलं. अकरा. अंदाधुंद वीस उचलली असती तर चारेक निघाली असती. मॉडेल तेच होतं, प्रश्न बदलला होता. प्रिसिजन आणि रिकॉल हे शब्द मी तोवर पाठ केले होते आणि सारखे उलटसुलट करत होते. त्या दिवसानंतर कधी गोंधळ झाला नाही. बोट ठेवलेल्यांपैकी खरोखर किती निघाले ते प्रिसिजन, आणि एकूण उशिराच्या बिलांपैकी आपल्या बोटाखाली किती आले ते रिकॉल.

डीप लर्निंगकडे, म्हणजे अनेक थरांच्या न्यूरल नेटवर्ककडे, मी सहा-सात महिन्यांनी वळले. त्याच्या आधी कागदावर एक लहानसं कोडं सोडवलं, जे प्रत्येकाने सोडवावं असं मला मनापासून वाटतं. दोन आकडे, प्रत्येक शून्य किंवा एक. दोन्ही सारखे असतील तर उत्तर शून्य, वेगळे असतील तर एक. याला एक्सऑर म्हणतात. चार बिंदू कागदावर मांडा आणि एका सरळ रेषेने शून्यवाले एका बाजूला, एकवाले दुसऱ्या बाजूला करून दाखवा. होत नाही. फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्ये मांडलेला पर्सेप्ट्रॉन, न्यूरल नेटवर्कचा साधा पूर्वज, अशी एकच रेषा मारू शकतो, आणि मार्विन मिन्स्की व सीमोर पॅपर्ट यांनी १९६९ मध्ये अशाच मर्यादा गणिताने दाखवून दिल्या. आता मध्ये दोन न्यूरॉन, म्हणजे आकडे घेऊन एक आकडा देणारे छोटे हिशेब, ठेवा. पहिला दोन्ही आकड्यांची बेरीज घेतो. दुसरा बेरजेतून एक वजा करतो, आणि उत्तर ऋण आलं तर शून्य धरतो. पहिल्यातून दुसऱ्याची दुप्पट वजा करा. एक-एक दिले तर दोन वजा दोन, शून्य. एक-शून्य दिले तर एक वजा शून्य, एक. जमलं! ‘ऋण असेल तर शून्य’ ही जी छोटीशी वाकवणी आहे, तिच्यावाचून कितीही थर रचले तरी सगळ्यांची मिळून पुन्हा एक सरळ रेषाच होते. थर कशासाठी, हे मला या चार बिंदूंनी सांगितलं.

हे वेट, म्हणजे गुणायचे आकडे, मी हाताने निवडले होते. ते आपोआप सापडावेत म्हणून चुकीचा वाटा मागच्या थरापर्यंत पोचवावा लागतो, ते बॅकप्रोपगेशन. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने ही पद्धत सर्वदूर नेली. गणित म्हणून त्यात चेन रूलपेक्षा, म्हणजे डेरिव्हेटिव्ह एकाला एक जोडत नेण्याच्या नियमापेक्षा, वेगळं काही नाही. मी दोन थरांचं नेटवर्क नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीत स्वतः लिहिलं आणि प्रत्येक डेरिव्हेटिव्ह पुन्हा त्याच जुन्या युक्तीने तपासलं: वेट किंचित हलवा, लॉस किती हलतो बघा. तीन रात्री गेल्या. यातल्या दोन नुसत्या मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यांच्या, आकारमानांशी झगडण्यात. तेव्हापासून प्रत्येक ओळीशेजारी आकार लिहून ठेवायची सवय लागली आहे.

मग पायटॉर्च ही न्यूरल नेटवर्कची लायब्ररी आणि हाताने लिहिलेल्या अंकांचा एमनिस्ट डेटा. शिकण्यासाठी ६०,००० चित्रं, परीक्षेसाठी १०,०००, प्रत्येक २८ गुणिले २८ चौकटींचं, म्हणजे ७८४ आकडे. मधल्या थरात १२८ न्यूरॉन, शेवटी दहा. वेट आणि बायस (छेदासारखे वरून मिळवायचे आकडे) मिळून किती आकडे शिकायचे, ते आधी हाताने मोजलं: १,०१,७७०. माझ्या शीटमध्ये दोन होते. साध्या लॅपटॉपवर हे काही मिनिटांत शिकून होतं. महागडं ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही हा समज अनेकांना उगाच अडवून ठेवतो.

पहिल्या पायरीचा लॉस २.३० च्या आसपास आला. इथे लॉस म्हणजे बरोबर अंकाला दिलेल्या शक्यतेचा ऋण लॉगॅरिदम. दहा पर्यायांतून निव्वळ अंदाज करणाऱ्याचा लॉस दहाच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका, म्हणजे २.३०३, असायला हवा. म्हणजे सुरुवात ठीक होती. अडलं पुढे. अंक बहुतेक सगळे बरोबर ओळखले जात होते, पण लॉस १.४६ च्या खाली उतरेना. लर्निंग रेट बदलला, थर वाढवले, रात्रभर चालवलं. १.४६ ची भिंत हलली नाही.

एखाद्या चॅटबॉटला सगळा कोड देऊन ‘दुरुस्त कर’ म्हणता आलं असतं. शब्दांचे अर्थ आणि त्रुटीचे संदेश मी चॅटबॉटला विचारते, पण शिकण्याचं लूप मात्र मी स्वतःच लिहायचं ठरवलं होतं. म्हणून कागद घेतला. पायटॉर्चचा हा लॉस, क्रॉस-एन्ट्रॉपी, कच्चे आकडे घेतो आणि सॉफ्टमॅक्स आतच करतो, म्हणजे प्रत्येक आकडा २.७१८ चा घात करून सगळ्यांची बेरीज एक होईल असे वाटे पाडतो. मी नेटवर्कच्या शेवटी आणखी एक सॉफ्टमॅक्स लावून ठेवला होता. समजा मॉडेलला पूर्ण खात्री आहे: बरोबर अंकाला १, बाकी नऊ जणांना ०. त्यावर पुन्हा सॉफ्टमॅक्स केला तर बरोबर अंकाच्या वाट्याला २.७१८ भागिले ११.७१८, म्हणजे जेमतेम ०.२३. त्याचा ऋण लॉगॅरिदम १.४६. भिंत कागदावरच सापडली! एक ओळ खोडली आणि लॉस झरझर खाली गेला. कोड चालतो, कुठेही तक्रार करत नाही आणि तरी चुकीचा असतो, अशा चुका या विषयात फार आहेत. त्यांना पकडायला आकडा किती यायला हवा होता, हे आधी माहीत असावं लागतं.

त्याच सुमारास केलेला एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. फक्त शंभर चित्रं घेतली आणि त्यांची उत्तरं मुद्दाम विस्कटली, म्हणजे सातच्या चित्राला तीन, शून्याला आठ, कसंही. नेटवर्कने ती शंभरच्या शंभर पाठ केली. न पाहिलेल्या चित्रांवर मात्र दहातलं एक, म्हणजे निव्वळ नशीब. पाठांतरात काहीच अर्थ नसला तरी शिकण्याच्या डेटावर शंभर टक्के मिळतात, हे एकदा अशा रीतीने पाहिलं की परीक्षेचा डेटा वेगळा ठेवण्याची शिस्त आपोआप अंगी येते.

खऱ्या उत्तरांवर मॉडेल ९७-९८ टक्क्यांवर स्थिरावलं. चुकलेली चित्रं मी एकेक करून पाहिली. उघड्या तोंडाचे नऊ आणि मिटल्या तोंडाचे चार, आडवी रेघ असलेले सात. काही तर मलाही सांगता आली नसती. मग माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरात जाड पेनाने दहा अंक लिहिले, फोटो काढले, मॉडेलला दिले. तीन बरोबर. दहातले तीन!

याचं उत्तर मॉडेलमध्ये नव्हतं, डेटा कसा तयार झाला त्यात होतं. एमनिस्टमधले अंक काळ्यावर पांढरे असतात. माझे पांढऱ्यावर काळे. तिथे प्रत्येक अंक २० गुणिले २० च्या चौकटीत बसेल असा लहानमोठा केलेला असतो आणि त्याचं वस्तुमानकेंद्र चित्राच्या मधोमध आणलेलं असतं. माझे कोपऱ्यात सरकलेले, कागदाच्या सावलीसकट. रंग उलटवले, सावली काढली, अंक कापून मध्यावर आणले. मग नऊ बरोबर आले. हे काम करायला एक पूर्ण शनिवार गेला आणि मॉडेलच्या एकाही वेटला हात लावला नाही. बिलांच्या वेळी जे झालं होतं तेच हे: मॉडेल ज्या जगात वाढलं, त्या जगाबद्दल मला पुरेसं माहीत नव्हतं.

सरकलेल्या अंकाचा प्रश्न कन्व्होल्यूशनने बराच हलका होतो. तीन गुणिले तीनची एक छोटी खिडकी सगळ्या चित्रावरून फिरते, म्हणून कडा डावीकडे असो की उजवीकडे, तेच नऊ वेट ती शोधतात. अशा ३२ खिडक्यांचा थर म्हणजे अवघे ३२० आकडे, तर माझ्या आधीच्या पहिल्या थरात १,००,४८० होते. चौकटीच्या वहीत एक उभी रेघ काढून खिडकी हाताने फिरवून पाहिली आणि मग कोड लिहिला. ९९ टक्क्यांच्या पुढे गेलं. चित्रं ओळखण्याच्या २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि हिंटन यांच्या ज्या नेटवर्कने सगळ्यांना मागे टाकलं, त्याच्या मुळाशी हीच फिरती खिडकी आहे, हे वाचताना आता शब्द परके वाटत नव्हते.

या सगळ्याला दीड वर्ष लागलं. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे चॅटबॉटच्या मुळाशी असलेलं नेटवर्क, मी आत्ता कुठे हातात घेतला आहे, आणि तोही तसाच: चार शब्दांचं वाक्य, दोन-दोन आकड्यांचे व्हेक्टर, कुठल्या शब्दाने कुठल्याकडे किती बघायचं त्याचा, म्हणजे अटेन्शनचा, तक्ता कागदावर.

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका मुलीने विचारलं, “ताई, मला शिकायचंय, कुठून सुरू करू?” मी तिला ती चार ओळींची शीट पाठवली, सूत्रं पुसून. तीन दिवसांनी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. “ताई, ०.११ ठेवलं तर ४१ वरून २८.७ वर येतं. ०.१२ ठेवलं तर ४१.३ होतं आणि मग हळूहळू चढतच जातं. म्हणजे सीमा या दोघांच्या मध्ये आहे. ती नेमकी कुठे आहे, हे न चालवता, नुसत्या या चार क्ष वरून काढता येईल का?”

येते. ०.११९७ आणि ०.११९८ च्या मध्ये कुठेतरी पडते, पण त्यासाठी एका छोट्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू, म्हणजे ती जास्तीत जास्त किती पट ताणते तो आकडा, काढावी लागते. मी खुर्ची सरकवली, तिला बसायला जागा केली आणि कोरा कागद घेतला.